शनिवारी तीनचा भुताचा सिनेमा

आई, आज शनिवार. पावणेतीन वाजलेत आणि खालच्या मजल्यावरून आलुबुखाराच्या केकचा वास जिना चढून आपल्या दारापर्यंत आलाय. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार. तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला हे त्या केकला कुणी सांगितलेलं दिसत नाही. सोफ्याची डावी बाजू मी मोकळी ठेवलीये. खरं तर ठेवावी लागत नाही. सहा वर्षं दर ऑक्टोबरात तुम्ही तिथं मांडी घालून बसलात, त्यामुळे त्या जागी असा खड्डा पडलाय की दुसरं कुणी चुकून बसलं तर त्याला वर काढायला जर्मनीतल्या या ब्योब्लिंगेनचं अख्खं अग्निशामक दल बोलवावं लागेल.

बघा, लागलो मी.

"श्रीकांतराव, तुम्ही किती वाजले ते सांगितलंत तरी मी दुसऱ्या घड्याळात बघून घेते," असं तुम्ही म्हणायचात. बरोबरच होतं तुमचं. मुलगी बघायला आलो तेव्हा घाटात बिबट्या आडवा आला आणि मी त्याला नुसत्या हॉर्नवर पिटाळला, हे मी तुमच्या कऱ्हाडच्या दिवाणखान्यात पोहे खाता खाता सांगितलं होतं. लग्नानंतर आठवड्याभरात मेधानं तो बिबट्या म्हणजे म्हैस होती हे फोडलं. तुम्ही मात्र शेवटपर्यंत पाहुण्यांना बिबट्याच सांगत राहिलात. जावयाची अब्रू सासूनं राखावी ती अशी. पण आज एक गोष्ट मी फुगवून सांगणार नाही. ती पुढे येईल. तोवर मला थोडी मोकळीक द्या. सासूला लिहायला बसलेला जावई पहिल्या ओळीपासून खरं बोलायला लागला तर लोकांना भलताच संशय येईल.

पहिल्या वर्षी तुम्ही आलात तेव्हा समोरच्या बाल्कनीत एक सांगाडा टांगलेला होता आणि त्याच्या पायाशी डोळे-नाक कोरलेले भोपळे. चहाचा कप हातात धरून तुम्ही बराच वेळ बघत होतात.

"यांचा पितृपक्ष का हो हा?"

"गेनाऊ," मी म्हणालो. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ. काही सुचलं नाही की मी गेनाऊ म्हणतो. या एका शब्दावर मी या देशात पंधरा वर्षं काढली आहेत.

"आणि पितरांना वाढतात काय?"

"गोळ्या-चॉकलेटं. तीसुद्धा शेजारची पोरं खाऊन टाकतात."

"मग पितर चिडून घरात शिरणारच," तुम्ही म्हणालात. आणि चहाचा एक घोट घेऊन, "त्याचे सिनेमे असतील ना इथे?"

तेव्हा मला कळलं की मेधाच्या आईला, कऱ्हाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कॉल जोडून निवृत्त झालेल्या त्या शांत बाईला, भुताच्या सिनेमांचं वेड आहे. आणि तिनं आयुष्यात एकही पाहिलेला नाही. ऐकलेत मात्र सगळे. एक्स्चेंजची मागची भिंत आणि टॉकीजची भिंत एकच होती. दुपारच्या ड्यूटीला एका कानात मुंबईची लाइन, दुसऱ्या कानात करकरणारं दार. मेधाच्या बाबांच्या मते भुताचे सिनेमे हे वाया गेलेल्या लोकांचं काम, त्यामुळे भिंतीपलीकडे जायची वेळ कधी आलीच नाही. "पायऱ्यांच्या आवाजावरून सांगते, बाई वर चाललीय की खाली," तुम्ही म्हणाला होतात. मला वाटलं, या घराण्यात मी एकटाच थापाड्या नाही. पण तुमचं ते खरं निघालं.

गावातल्या लायब्ररीत ऑक्टोबर लागला की भुताच्या डीव्हीडी एका टेबलावर मांडतात, वर राखण करायला एक भोपळा. मी चार घेऊन आलो. पण बघायच्या कधी? रात्री दहानंतर इथे नळ जोरात सोडला तरी भिंतीवर टकटक होते. दुपारी एक ते तीन बिल्डिंगची विश्रांती. रविवारी तर खिळासुद्धा ठोकायचा नाही. उरले शनिवारचे तीन ते पाच. म्हणून आपण भर दुपारी रोलाडेन खाली ओढायचो, खिडकीबाहेरची ती घडीची शटरं. पट्टा सैल केला की धाडकन खाली, आणि बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना आपल्या हॉलमध्ये अमावास्या.

आता एक कबुली. डीव्हीडीवर इंग्रजी होतं. तुम्हाला एक्स्चेंजमुळे इंग्रजी बरंच समजायचं. म्हणूनच मी जर्मन लावलं. "जर्मनीत आलात तर जर्मन भूत बघा, मी भाषांतर करतो. मी तर जर्मनांना जर्मन शिकवतो," असं छाती काढून सांगितलं. तेव्हा माझं जर्मन बेकरी आणि बसपुरतं होतं. आणि खरी गोम पुढेच आहे. भीतीचे सिनेमे मला बघवत नाहीत. कधीच बघवले नाहीत. रोलाडेन खाली आलं की मी डोळे चोळायचं निमित्त करून चष्मा काढायचो आणि खिशात घालायचो. माझा नंबर तुम्हाला माहीत आहे. चष्म्याशिवाय मला टीव्हीवरचं भूत आणि टीव्हीशेजारचा रबर प्लांट यात फरक कळत नाही. तर असा हा कारभार. एक जण ज्याला दिसत नाही, एक जण जिला भाषा कळत नाही, आणि ज्याला दिसत नाही तोच बेधडक गोष्ट सांगतोय.

"ही बाई का किंचाळली?"

"भाजी करपली, आई."

"एवढं?"

"जर्मन आहेत. करपलेलं फार मनाला लावून घेतात."

"आणि तो माणूस कुऱ्हाड घेऊन?"

"लाकडं फोडायला. थंडी पडलीय ना."

तुम्ही पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणायचात, "बरं. पुढे काय होतं, श्रीकांतराव?" आणि मी पुढचं रचायचो. सहा वर्षांत मी तुम्हाला सव्वीस सिनेमे सांगितले. त्यातली भुतं मीठ शोधत फिरायची, लग्नाच्या पंगतीत मान मिळाला नाही म्हणून रुसायची, भाड्याच्या घराची अनामत परत मिळेपर्यंत माळ्यावर राहायची. यातलं शेवटचं तर जर्मनीत कुणालाही पटेल.

किंकाळी मात्र तुमची अस्सल होती. तुम्ही पहिल्यांदा ओरडलात तेव्हा शेजारच्या सिंडेलफिंगेन गावापर्यंत चाळीस गाड्यांचे अलार्म एकदम बोंबलले. मेधा म्हणते, एक गाडी होती आणि ती आपलीच. असो. दुसऱ्या मिनिटाला दारावर बेल. खालच्या फ्राऊ श्टाईगर, म्हणजे श्टाईगरबाई, वय ऐंशीला टेकलेलं, हातात केरसुणी, कारण त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी त्यांची होती. मनात म्हटलं, आता पोलीस, नोटीस, घर खाली. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, टीव्ही पाहिला, तुम्हाला पाहिलं. तुम्ही सोफ्याच्या उजव्या बाजूला हात थोपटला. त्या केरसुणी दाराला टेकवून आत येऊन बसल्या. मी स्टुलावर. पुढच्या शनिवारी त्या केक घेऊन आल्या आणि मग दर शनिवारी येत राहिल्या. तुम्हा दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. किंचाळायच्या मात्र एकाच सुरात.

जर्मन तुम्ही याच सिनेमांतून शिकलात. भाजीवाल्याशी बोलायला लागणारा एक शब्द तुम्हाला आला नाही, पण हिल्फं म्हणजे वाचवा, केलर म्हणजे तळघर, आंग्स्ट म्हणजे भीती आणि टोट म्हणजे मेलेला, हे चार शब्द पक्के, आणि मी, नाही, कोट असे काही सुटे. बसमधल्या एका बाईनं हवा छान आहे म्हटल्यावर तुम्ही हसून "केलर" म्हणालात. ती पुढच्याच स्टॉपला उतरली.

आपलं एक भांडण राहिलंय. तिसऱ्या वर्षीचं. मी एका सिनेमाची अशी गोष्ट लावली होती की म्हातारे आजोबा वारलेत पण त्यांना ते माहीत नाही. रोज जेवायला येऊन बसतात, आणि घरचे त्यांचं पान मांडतात, कुणी काही बोलत नाही. मला ही माझी कलाकृती वाटत होती. तुम्ही एकदम ताठ बसलात.

"त्याला सांगत का नाहीत?"

"सुखात आहेत ना आजोबा. कशाला उगाच?"

"उगाच काय? बातमी कुणाची आहे?"

"आई, सिनेमा आहे."

"मला नका सांगू. ट्रंककॉलच्या काळात नावाचे कॉल यायचे. वाईट बातमी असली की घरातलं दुसरंच कुणीतरी फोन ओढायचं. म्हणायचं, तिला देऊ नका, आम्ही सांगू सावकाश. मी लाइन धरून ठेवायची. म्हणायची, कॉल ज्याच्या नावाचा, त्यालाच मिळेल."

"आणि तिला सोसलं नसतं तर?"

"सोसायचं काय ते ती ठरवेल. तुम्ही कोण?"

मंगळवारपर्यंत माझा चहा टेबलावर आदळला जात होता. मीही हटलो नाही. तुम्हाला म्हणालो, भूत झालात की कळेल. तुम्ही म्हणालात, तेव्हा तुम्हालाच आधी गाठीन. भांडण तिथंच लटकलं.

मग आला गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. तुमचं पोट दुखत होतं, साडी सैल होत चालली होती, आणि तुम्ही विमानातल्या जेवणाला दोष देत होतात. इस्पितळात मी तुमच्याबरोबर आत आलो, भाषांतराला. मेधाला ऑफिसातून यायला उशीर झाला. डॉक्टरीणबाई तरुण होती. माझ्यासाठी सावकाश बोलत होती, पण बघत तुमच्याकडे होती. आता माझं जर्मन चांगलं आहे, आई. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की नसतं तर बरं. ती म्हणाली, आजार यकृतापर्यंत गेलाय. म्हणाली, महिन्यांची गोष्ट आहे. म्हणाली, प्रवास झेपतोय तोवर त्यांना घरी जायला आवडेल का, ते त्यांना विचारा.

तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतात. मग माझ्याकडे वळलात.

"काय म्हणतेय?"

माझा हात चष्म्याकडे गेला. काढला मी तो. पुसायचं निमित्त केलं.

"आतड्याला सूज आहे म्हणतेय. कऱ्हाडला गेल्यावर औषधं घ्यायची. तिखट कमी."

"एवढंच?"

"एवढंच."

तुम्ही पदराचं टोक बोटाला गुंडाळलंत. मग म्हणालात, "बरं." त्या दिवशी पुढे काय होतं ते विचारलं नाहीत. डॉक्टरीणबाईनं मला विचारलं, त्यांना समजलं का? मी म्हणालो, गेनाऊ.

त्या संध्याकाळी तळघरातल्या वॉशिंग मशीनपाशी मी मेधाला खरं सांगितलं. तुमचे कान माहीत असल्यामुळे घरात सांगायची सोय नव्हती. ती कपड्यांची बादली उराशी धरून उभी राहिली. म्हणाली, "सांगायला हवं तिला." मी म्हणालो, "दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली, तुम्ही परत गेलात, आणि कऱ्हाडलाही सगळ्यांनी माझंच भाषांतर पुढे चालवलं. फोनवर मी विचारायचो, सूज कशी आहे. तुम्ही म्हणायचात, उतरतेय हो. अगदी शेवटच्या आठवड्यातही, आवाज चिंधीसारखा झालेला असताना, "उतरतेय." मी रिसीव्हर ठेवून मेधाला सांगायचो, बघ, तिला माहीत नाहीये ते किती बरं. आणि ती माझ्याकडे अशी बघायची की मला पुन्हा चष्मा काढावासा वाटायचा.

वर्षभर मी हे पोटात घेऊन फिरलो. तुम्ही गेल्यावर तर जास्तच. तुम्हाला कुणाला काही सांगायचं असेल, कुणाची माफी मागायची असेल, एखादं गाव शेवटचं बघायचं असेल. मी तुमचा वेळ सुजेच्या नावाखाली खर्च करून टाकला, असं मनात यायचं. थापा मी जन्मभर मारल्या, पण त्यातली एकही कधी अंगावर आली नव्हती.

गेल्या शनिवारी मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरत होतो. फ्राऊ श्टाईगर जिना झाडत होत्या. अंगात तुमचा कोट.

डाळिंबी कोट, पहिल्या वर्षी जुन्या बाजारातून आणलेला. तुम्ही जाताना दरवर्षी तो आपल्या पॅसेजमधल्या खुंटीवर ठेवून जायचात, "पुढच्या वर्षीला." गेल्या वर्षी खुंटी मोकळी होती आणि आम्हाला वाटलं, कऱ्हाडच्या थंडीसाठी बॅगेत घालून नेलात. दुसऱ्या बटणाच्या आत तुमची सेफ्टी पिन अजून तशीच होती. कुठे, कधी लागेल सांगता येत नाही म्हणून तुम्ही लावून ठेवायचात ती.

मी पायरीवर बसलो. त्या केरसुणी टेकवून माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही एकट्याच खाली गेला होतात, कोट हँगरला लावून, इस्त्री करून. त्यांच्या हातात दिलात. आणि आपल्या छातीवर बोट ठेवून म्हणालात, "इश टोट." मग कोटावर हात फिरवून, "मांटल निष्ट."

मी मेलेली. कोट नाही.

फ्राऊ श्टाईगर म्हणाल्या, त्यांना क्षणभर वाटलं सिनेमातलं काही बोलताय. मग त्यांनी तुमचा चेहरा पाहिला. खुर्ची दिली, चहा केला. तुम्ही दोघी अंधार पडेपर्यंत हात धरून बसलात. तुम्ही थोड्या रडलात, त्या थोड्या रडल्या. मग तुम्ही वर आपल्या घराकडे बोट दाखवलंत, ओठांवर बोट ठेवलंत, आणि एक नाव घेऊन एक शब्द म्हणालात.

"कुठलं नाव?" मी विचारलं.

"श्रीकांत," त्या म्हणाल्या. "श्रीकांत, आंग्स्ट."

त्याला भीती वाटते.

मग त्या हसल्या, म्हणाल्या, चष्म्याचं आम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. सिनेमा सुरू झाला की तुमच्या सासूबाई मला कोपरानं ढोसायच्या, बघ, गेला खिशात. आणि दवाखान्यातलं त्यांना समजलं होतं, हे तर तुम्हाला सगळ्यांना ठाऊकच असणार, नाही का?

मी म्हणालो, गेनाऊ. दुसरं काय म्हणणार होतो?

आई, म्हणजे तुम्हाला सव्वीसच्या सव्वीस गोष्टी खोट्या आहेत हे माहीत होतं. तीस वर्षं लाइनीवर बसलेल्या बाईला कुठला आवाज किंचाळीचा आणि कुठला करपलेल्या भाजीचा, हे काय मी सांगणार होतो? डॉक्टरीणबाईचा आवाज कुठे खाली गेला, तेही तुम्ही ऐकलंत. माझा कुठे वर गेला, तेही. तुम्ही मला तिथंच पकडू शकला असतात. भांडण जिंकला असतात. त्याऐवजी वर्षभर फोनवर माझी सूज तुम्ही उतरवत राहिलात, कारण रोलाडेन खाली आलं की हा माणूस डोळे मिटतो, हे तुम्हाला ठाऊक होतं.

फ्राऊ श्टाईगरना खरं सांगायला तुमच्याकडे फक्त भुताच्या सिनेमातले मोजके शब्द होते. माझ्याकडे अख्खी मराठी होती, तरी मी सांगितलं नाही. भांडण तुम्ही जिंकलात. ट्रंककॉलचं तुमचं बरोबर होतं. कॉल तुमच्या नावाचा होता, मी मध्येच ओढला, आणि तुम्ही पलीकडून सगळं ऐकत लाइन धरून ठेवलीत. माफ करा, हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. आणि तुम्ही जे केलंत त्याबद्दल काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही. सापडेल तेव्हा त्यात मी नेहमीसारखा एखादा बिबट्या घालेन, तुम्ही समजून घ्याल.

तीन वाजले. जिन्यावर फ्राऊ श्टाईगरची पावलं वाजतायत, सावकाश, वर येणारी. तुम्ही शिकवलंत म्हणून कळतं. मेधा चहा टाकतेय. आपण पहिल्या वर्षी पहिल्यांदा पाहिला तोच सिनेमा मी लायब्ररीतून आणलाय, करपलेल्या भाजीचा. आज पट्टा सोडतो, अंधार करतो, आणि चष्मा लावून बसतो. जे दिसेल ते तसंच सांगेन, कुऱ्हाडीसकट. तुम्ही फक्त नेहमीसारखं ऐका. माझा आवाज कुठे बदलला, तर मला तिथंच थांबवा.